वैनगंगेच्या अलीकडे येझदी, पलीकडे राजदूत

वाद घालायला माणसाला विषय लागतोच असे नाही. पण विषय चांगला मिळाला तर वादाला रंग चढतो. आपल्या चंद्रपूर-गडचिरोली भागातील एका अख्ख्या पिढीला असा एक विषय जन्मभर पुरला. तो म्हणजे, राजदूत चांगली की येझदी? पानठेल्यावर, तेंदूपत्त्याच्या फळीवर, शाळेच्या व्हरांड्यात, वनखात्याच्या नाक्यावर, झाडीपट्टीतल्या नाटकाच्या मध्यंतरात हा प्रश्न निघाला की चहा थंड होत असे आणि माणसे गरम होत. ज्याच्याकडे यांपैकी एकही गाडी नव्हती आणि घेण्याची ऐपतही नव्हती, त्याचे मत सर्वांत ठाम असे!

आज त्या दोन्ही फटफट्या इतिहासजमा झाल्या आहेत. येझदीचा म्हैसूरचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. राजदूतनेही नव्या शतकाच्या आरंभी निरोप घेतला. जावा हे नाव २०१८ मध्ये आणि येझदी हे नाव २०२२ मध्ये पुन्हा बाजारात आले खरे. पण त्या नव्या गाड्यांत नावाखेरीज जुने फारसे काही नाही. मग हा शिळा वाद आता कशाला उकरून काढायचा, असे वाचक विचारतील. माझे उत्तर असे की, तो वाद दोन गाड्यांचा आहे असे आपण समजत होतो, आणि तिथेच आपली गल्लत होत होती. तो वाद खरे म्हणजे मोजपट्टीचा होता. कोणती वस्तू श्रेष्ठ हे ठरवताना आपण कोणाची मोजपट्टी वापरतो? ज्या कारखान्यात ती तयार झाली त्याची, की ज्या रस्त्यावर ती चालायची आहे त्याची? हा प्रश्न मात्र शिळा झालेला नाही. महाविद्यालयाच्या सायकल स्टॅण्डवर आज उभ्या असलेल्या गाड्यांकडे पाहिले की तो पुन्हा समोर येतो.

प्रथम या दोघींचे कूळ पाहू. आपल्या डोळ्यांसमोर त्या अगदी देशी, मातीने माखलेल्या उभ्या राहतात. पण दोघींचेही माहेर युरोपात, आणि दोन्ही माहेरची घराणी दुसऱ्या महायुद्धापूर्वीची. जावाची स्थापना १९२९ मध्ये प्राग शहरात झाली. फ्रान्तिशेक यानेचेक नावाच्या शस्त्रे बनवणाऱ्या कारखानदाराने जर्मनीच्या वाँडरर कंपनीकडून मोटारसायकलचे हक्क घेतले आणि आपल्या नावाची दोन अक्षरे व वाँडररची दोन अक्षरे जोडून ‘जावा’ हे नाव केले. इंडोनेशियातल्या जावा बेटाशी त्याचा काही संबंध नाही! पहिली गाडी ५०० सीसीची, भारदस्त आणि महाग होती. तो काळ जागतिक मंदीचा. ती गाडी घेणार कोण? शेवटी १९३२ मध्ये इंग्लंडच्या व्हिलियर्स कंपनीचे १७५ सीसीचे लहानसे इंजिन बसवून एक साधी गाडी काढली, आणि तिने कंपनी तारली. राजदूतचे माहेर पोलंडमधील किएल्त्से गावचे. तेथील एसएचएल या लोखंडकामाच्या कारखान्याने १९३८ मध्ये ९८ सीसीची छोटी मोटारसायकल काढली. तिचे इंजिनही व्हिलियर्सच्याच घराण्यातले. पुढच्याच वर्षी महायुद्ध सुरू झाले आणि तिचे उत्पादन थांबले. म्हणजे पुढे आपल्याकडे ज्या दोघी सवती म्हणून नांदल्या, त्यांच्या आज्या एकाच इंग्रजी इंजिनाच्या आधाराने चालू लागल्या होत्या.

युद्धाच्या काळात झेकोस्लोव्हाकिया जर्मनांच्या टाचेखाली होता. तेव्हा जावाच्या अभियंत्यांनी चोरून-लपून एका नव्या २५० सीसी गाडीचा आराखडा केला आणि युद्ध संपताच १९४६ मध्ये ती पॅरिसच्या प्रदर्शनात मांडली. आपली येझदी ही तिचीच पुढच्या पिढीची लेक. म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीत इराणी कुटुंबाने १९६१ पासून ही गाडी बनवायला सुरुवात केली. १९७३ नंतर तिचे नाव येझदी झाले, तेही इराणातील यझ्द या पारशांच्या जुन्या शहरावरून. इकडे एस्कॉर्ट्स कंपनीने पोलंडच्या एसएचएल एम-११ या गाडीचा परवाना घेऊन १९६२ पासून फरिदाबादला राजदूत काढली. नाव राजदूत; पण तिचा वावर राजवाड्यात नव्हे, दूधवाल्यांत आणि गुरुजींत!

असे वाद फक्त आपल्याच चौकात होतात असे नाही. महायुद्धापूर्वीच्या युरोपात दोन उघड्या, दोन माणसांच्या शर्यती मोटारींवरून असाच वाद रंगला होता आणि जुन्या मोटारींचे शौकीन तो अजून सोडत नाहीत. जर्मनीची बीएमडब्ल्यू ३२८ आणि इंग्लंडची एसएस जग्वार १००, दोन्ही १९३६ सालच्या. जग्वारचे पुढे ३४८५ सीसीचे इंजिन आले, ताकद १२५ अश्वशक्ती. नावातले १०० म्हणजे ताशी १०० मैलांचे आश्वासन. लांबलचक नाक, मोठे दिवे. पाहणाऱ्याने पाहतच राहावे! बीएमडब्ल्यूचे इंजिन अवघे १९७१ सीसीचे, ताकद ८० अश्वशक्ती. कागदावर पाहिले तर स्पर्धाच नको. पण बीएमडब्ल्यू अंगाने हलकी होती, तिची पुढची दोन्ही चाके एकमेकांपासून स्वतंत्रपणे खालीवर होत आणि तिचे ब्रेक तेलाच्या दाबावर चालत. जग्वारचा पुढचा आस मात्र बैलबंडीसारखा अखंड होता आणि ब्रेक लोखंडी सळ्यांनी ओढले जात. सरळ सडकेवर जग्वारची छाती मोठी. वळणावळणाच्या, खडबडीत रस्त्यावर लहान इंजिनाची बीएमडब्ल्यू भारी. इटलीतली हजार मैलांची मिल्ये मिल्या शर्यत १९४० मध्ये जिंकली ती याच ३२८ ने, तीही दोन लिटरच्या इंजिनावर. दुसरीकडे जग्वारची किंमत तिच्या रूपाच्या आणि वेगाच्या मानाने इतकी कमी होती की तिचे पारडे हलके म्हणता येत नाही. (कंपनीने ‘एसएस’ ही अक्षरे १९४५ मध्ये टाकून दिली. हिटलरच्या काळानंतर ती अक्षरे मिरवण्याची कोणाची हिंमत होती! आणि तीच जग्वार २००८ पासून आपल्या टाटांच्या मालकीची आहे.) सांगायचे इतकेच की, त्या दोन मोटारींचा निकाल जितका इंजिनाने लावला, तितकाच रस्त्याने लावला.

आता आपल्या दोघींकडे वळू आणि आधी कारखान्याची मोजपट्टी लावू. येझदीचे इंजिन २४८.५ सीसीचे, ताकद सुमारे १२ अश्वशक्ती, चार गिअर. राजदूतचे इंजिन १७३ सीसीचे. तिच्या पोलिश मूळ गाडीची ताकद सुमारे ९ अश्वशक्ती आणि गिअर तीन. येझदीला एकाच सिलिंडरला दोन सायलेन्सर, दोन्ही अंगांनी चकाकणारे. राजदूतला एक. येझदीची किक आणि गिअर यांचा दांडा एकच. तो आत दाबून वर फिरवायचा की किक होते, किक मारून झाली की तोच पुन्हा गिअरचे काम करतो. नवखा माणूस या दांड्याशी झोंबताना पाहणे ही गावाची फुकटची करमणूक होती. गिअर बदलताना त्या दांड्याच्या हालचालीनेच क्लच सुटे. त्यामुळे सराईत माणूस डाव्या हाताला विश्रांती देऊन गिअर टाकू शके. राजदूतमध्ये अशा गमती नाहीत. ती एखाद्या मोजके बोलणाऱ्या शेतकऱ्यासारखी, जे आहे ते समोर. आकड्यांवर निकाल लावायचा तर येझदी पहिली आणि वाद तिथेच संपला.

पण गाडी आकड्यांवर चालत नाही. ती जमिनीवर चालते. आणि आपली जमीन एक नाही, दोन आहेत. मध्ये वैनगंगा वाहते. अलीकडे चंद्रपूर, बल्लारपूर, राजुरा, भद्रावती, वरोरा. कोळशाच्या खाणी, बल्लारपूरचा कागद कारखाना, पुढे आलेले औष्णिक वीज केंद्र, नागपूरकडे जाणारी डांबरी सडक आणि रेल्वे. पलीकडे आरमोरी, धानोरा, कुरखेडा, चामोर्शी, एटापल्ली, अहेरी, भामरागड, सिरोंचा. साग, बांबू, मोह, धानाच्या बांध्या आणि एकामागून एक नाले. गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला तो २६ ऑगस्ट १९८२ रोजी. त्याआधी सिरोंच्याच्या माणसाला जिल्ह्याच्या कचेरीत काम पडले तर थेट चंद्रपूर गाठावे लागे. नवा जिल्हा झाल्यावरही सिरोंचा ते गडचिरोली हे अंतर २०० किलोमीटरच्या आसपास राहिलेच. इतक्या विस्तीर्ण जिल्ह्याचे नाव सांगणारे रेल्वे स्थानक कित्येक दशके एकच होते, वडसा देसाईगंज. ज्या भागात रेल्वे जात नाही आणि एस.टी. दिवसातून एकदा येते, तिथे फटफटी ही चैनीची वस्तू राहत नाही. ती बँक होते, टपाल होते, आणि रात्री-अपरात्री दवाखानाही होते.

म्हणूनच या वादाचा माझा निकाल असा आहे की, वैनगंगेच्या अलीकडे येझदी आणि पलीकडे राजदूत. हा निकाल गुळमुळीत नाही. ‘दोन्ही आपापल्या जागी चांगल्या’ असे म्हणून सुटका करून घेण्याचा हा प्रकारही नव्हे. तो का, ते सांगतो.

येझदीची बाजू आधी प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. खाणीतल्या किंवा कारखान्यातल्या माणसाला पाळीची वेळ गाठायची असते. डांबरी सडकेवर मागे बायको, पुढे टाकीवर पोरगे, हॅण्डलला पिशवी, असा संसार घेऊन बल्लारपूरहून चंद्रपूरला यायचे, तर १२ अश्वशक्ती उपयोगाला येतात. कोळशाच्या ट्रकमागे धूळ खात राहण्यापेक्षा त्याला चटकन मागे टाकता येते. साखळी लोखंडी आवरणात पूर्ण झाकलेली असल्याने कोळशाची भुकटी आणि चिखल तिला लवकर खात नाहीत. शिवाय चौकाचौकात मिस्त्री, दुकानात सुटे भाग. आणि तो आवाज! दोन सायलेन्सरांतून निघणारा तो भरदार ठेका ऐकून घरातली माणसे मालक येत असल्याचे दोन गल्ल्या आधीच ओळखत. वस्तूवर प्रेम करायला माणसाला कारण लागते, आणि येझदी ते भरपूर देत असे.

आता नदी ओलांडा. मुरमाचा रस्ता, बैलबंडीच्या चाकांनी पडलेल्या दोन खोल चाकोऱ्या, मध्ये गवताचा कणा. येथे चौथा गिअर टाकायची संधीच क्वचित येते. येथे प्रश्न वेगाचा नसून पडल्यावर पुन्हा उठण्याचा असतो. राजदूतचा पुढचा फोर्क दुर्बिणीच्या नळ्यांसारखा एकात एक सरकणारा नव्हता. चाकामागच्या सांध्यावर झुलणाऱ्या लांब दांड्यांचा तो प्रकार होता. असा फोर्क ब्रेक मारल्यावर नाक खाली खुपसत नाही आणि चाकोरीतून बाहेर पडताना आडवा मार सोसतो. इंजिन लहान, म्हणून भूक कमी. पेट्रोल पंप ६० किलोमीटरवर असेल तर ही गोष्ट कोणत्याही अश्वशक्तीपेक्षा मोलाची. नाल्यात पाणी आले तर दोन माणसांनी, एक पुढून आणि एक मागून, गाडी बांबूला बांधून खांद्यावर पलीकडे न्यावी, असा तो मुलूख. अशा वेळी गाडीचे वजन हातांना कळते. जाहिरातीतल्या आकड्यांना ते कळत नाही.

कोणी म्हणतील, मग पुण्याच्या बजाज स्कूटरचे काय? ती तर महाराष्ट्राचीच कन्या. खरे आहे, पण तिच्यासाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, आणि तिची लहान चाके आमच्या चाकोरीत गेली की स्कूटर आत आणि माणूस बाहेर! आणि बुलेट? बुलेट फौजदारसाहेबांची आणि ठेकेदारांची. तिच्याविषयी बोलायचे तर आदराने आणि लांबूनच. सामान्य गुरुजी, वनरक्षक, ग्रामसेवक, हिवताप कर्मचारी यांच्या आवाक्यातला प्रश्न राजदूत की येझदी एवढाच होता.

या दोन्ही गाड्यांना एक गुण समान होता आणि माझ्या मते तोच सर्वांत मोठा. दोन्हींची इंजिने टू-स्ट्रोक. अशा इंजिनात व्हॉल्व्ह नाहीत, ते उघडणारी-मिटणारी यंत्रणा नाही. दट्ट्या वर-खाली होतानाच सिलिंडरच्या भिंतीतली दारे उघडतो आणि मिटतो. हलणारे भाग इतके थोडे की समजूतदार माणसाला गाडीचे पोट झाडाखाली बसून उघडता येई. पेट्रोलमध्ये मापाने तेल मिसळायचे. तेल कमी पडले तर दट्ट्या जाम, जास्त झाले तर प्लग काळा. गाडी बंद पडली की आधी प्लग काढायचा, पुसायचा, ठिणगी पाहायची. मग कारबुरेटरमधला कचरा फुंकायचा. मग पॉइंटचे अंतर पाहायचे. सायलेन्सरची आतली नळी काजळीने भरली की ती काढून, भाजून, ठोकून साफ करायची. एवढे ज्ञान असले की माणूस घरी पोचे. हे ज्ञान कोणत्याही अभ्यासक्रमात नव्हते. तरी ते चौथी नापास मुलालाही येत असे, आणि पदवीधर गुरुजी त्या मुलाचे शिष्यत्व आनंदाने पत्करत. यंत्र आणि माणूस यांच्यात असा सलोखा पुन्हा पाहायला मिळेल की नाही, कोण जाणे.

जुने ते सर्व सोने, असे मात्र मी म्हणणार नाही. टू-स्ट्रोक इंजिन न जळलेले पेट्रोल आणि तेल धुरातून बाहेर फेकते. राजदूत गेली की मागे निळसर पडदा उरे आणि मागच्या सायकलस्वाराला खोकला. पेट्रोलचे भाव वाढत गेले तसा हा अपव्यय परवडेनासा झाला. १९८५ मध्ये हिरो होंडाची शंभर सीसीची फोर-स्ट्रोक गाडी आली. तिने दोन्ही प्रतिस्पर्धी बाजूला सारले, तेही ताकदीच्या जोरावर नव्हे, तर काटकसरीच्या. येझदीवाले आणि राजदूतवाले एकमेकांशी भांडत राहिले आणि पैज तिसरीच मारून गेली. निकाल मात्र त्याच मोजपट्टीने लागला, म्हणजे रस्ता, खिसा आणि गरज या मोजपट्टीने. याउलट १९८३ मध्ये राजदूतच्याच नावाने आलेली, जपानच्या यामाहाची ३५० सीसी, दोन सिलिंडरची गाडी पाहा. वेगात तिच्या जवळपास फिरकेल अशी दुसरी मोटारसायकल त्या वेळी देशात नव्हती. पण पेट्रोल पिण्यात आणि किमतीतही ती तशीच. सहा-सात वर्षांत ती थांबली. आज तिची किंमत शौकिनांच्या बाजारात आकाशाला भिडते. त्या वेळी मात्र खेड्यातल्या माणसाने तिच्याकडे पाहून नुसती मान डोलावली आणि आपल्या १७५ ला किक मारली.

या वादात एक आवाज कधीच ऐकू आला नाही, तो बायकांचा. गाडी कोणती घ्यायची हे पुरुषांनी ठरवले; तिच्यावर एका बाजूला पाय सोडून, पदर आवरत, कडेवर मूल घेऊन ५० किलोमीटर खड्डे सोसायचे ते बाईने. तिला कोणी विचारले असते तर तिने सीसी सांगितले नसते. मागची बैठक किती रुंद आहे, पाय ठेवायला नीट जागा आहे का, आणि बाळंतपणाच्या वेळी ही गाडी रात्री सुरू होईल ना, असे तिने विचारले असते. १९७३ मधल्या ‘बॉबी’ चित्रपटात ऋषी कपूरच्या मागे डिंपल ज्या छोट्या राजदूतवर बसली, ती पाहून तरुण हरखले. पण आपल्याकडे मागच्या सीटवर बसणाऱ्या बाईचा प्रवास त्या गाण्यांसारखा नव्हता. आज आपल्या महाविद्यालयात मुली स्वतः गाडी चालवत येतात. कित्येक जणी शाळेत असताना मानव विकास कार्यक्रमातून मिळालेल्या सायकलीवरून आल्या. माझ्या दृष्टीने गेल्या पन्नास वर्षांतील वाहनांच्या इतिहासातली ही सर्वांत मोठी सुधारणा. तिच्यापुढे येझदी आणि राजदूत दोघीही फिक्या पडतात.

आता वर्तमानाकडे. आजच्या तरुणांचा वादही तोच आहे, फक्त नावे बदलली आहेत. दीडशे की दोनशे सीसी, शून्यापासून साठपर्यंत किती सेकंदांत, सर्वोच्च वेग किती? हे आकडे मुलांना तोंडपाठ असतात. हप्त्यावर गाडी येते, वडिलांचे धान विकून पहिली रक्कम भरली जाते. त्या वेगाला लागणारा रस्ता मात्र कोठे आहे? चंद्रपूरहून मूलकडे जाणारी सडक जंगलातून जाते. संध्याकाळी तिच्यावर चितळ येते, रानडुक्कर येते, कधी पट्टेदार मालकही येतो. गडचिरोलीच्या वाटांवर गुरे परतत असतात आणि लाकडाने किंवा खनिजाने लादलेले ट्रक वळणावर अर्धी सडक खातात. अशा ठिकाणी ताशी १२० किलोमीटरची क्षमता म्हणजे बांधीत नांगरायला घोडा आणण्यासारखे आहे. घोडा उत्तम, जातिवंत. पण चिखल त्याचा नव्हे. आणि येथे पडण्याची किंमत दोन प्रकारे मोजावी लागते. एक तर मार लागतो. दुसरे म्हणजे दवाखाना दूर असतो. तरुण वाचकांना माझे म्हणणे कदाचित म्हाताऱ्याचे वाटेल. वाटू द्यावे. पण गाडी निवडताना त्यांनी कंपनीच्या आकड्यांबरोबर स्वतःचेही तीन आकडे लिहून काढावेत. घरापासून डांबर संपते ते किती अंतरावर, मिस्त्री किती अंतरावर, आणि रक्त मिळेल असा दवाखाना किती अंतरावर? या तीन आकड्यांपुढे कंपनीचा आकडा कसा दिसतो, ते मग त्यांचे त्यांनीच पाहावे.

पण सगळा दोष तरुणांच्या माथी मारणे सोपे आणि म्हणूनच अन्यायाचे. आम्हा थोरांनी काय केले? पन्नास वर्षे आम्ही ‘कोणती गाडी नाला ओलांडते’ याची चर्चा केली. ‘नाल्यावर पूल का नाही’ याची चर्चा त्यामानाने फारच थोडी केली. पर्लकोटा नदीला पूर आला आणि भामरागडचा संपर्क तुटला, ही बातमी कित्येक पावसाळे वर्तमानपत्रांत येत राहिली. आम्ही ती हवामानाच्या बातमीसारखी वाचली. आजारी माणसाला खाटेची कावड करून नाल्यापलीकडे नेणाऱ्यांची छायाचित्रे पाहिली, हळहळलो आणि पान उलटले. फटफटीच्या चिवटपणाचे कौतुक करता करता, ज्या रस्त्याने तिला चिवट व्हावे लागले त्या रस्त्याला आम्ही माफ करून टाकले. राजदूतच्या गुणगानात ही एक लबाडी लपलेली असते आणि ती ओळखली पाहिजे. माणसे सोसतात म्हणून व्यवस्था निवांत राहते. यंत्रांच्या बाबतीतही तेच घडते.

तेव्हा वाद अवश्य घालावा. वादाशिवाय महाविद्यालय ते कसले! येझदीवाल्याने येझदीची बाजू घ्यावी, राजदूतवाल्याने राजदूतची. माझा निकाल मी वर दिला आहे आणि त्यावर ठाम आहे. ज्याला तो मान्य नसेल त्याने पुढच्या अंकात उत्तर लिहावे. पण कोणतीही तुलना करण्यापूर्वी एक नियम पाळावा. वस्तू कोठे चालायची आहे, कोण चालवणार आहे आणि बंद पडली तर कोण दुरुस्त करणार आहे, हे आधी विचारावे. मोटारसायकलला हा नियम लागू पडतो, तसा शिक्षणाला, शेतीच्या बियाण्याला, कारखान्याला आणि विकासाच्या योजनेलाही लागू पडतो. दूरच्या शहरात उत्तम ठरलेली गोष्ट आपल्याकडे आणताना तिच्यासोबत तिथला रस्ता येत नसतो. रस्ता आपल्यालाच करावा लागतो, नाही तर रस्त्याजोगी वस्तू निवडावी लागते. त्यातही पहिले काम आधी करावे. भामरागडच्या, एटापल्लीच्या, कोरचीच्या प्रत्येक नाल्यावर बारमाही पूल झाला, म्हणजे वैनगंगेच्या पलीकडे कोणती गाडी चांगली हा वाद पुन्हा नव्याने घालता येईल. त्या दिवशी माझा निकाल चुकीचा ठरला तर मला आनंदच होईल.